पोवळ्यांचं पुनर्वसन

कंपनीला समुद्राच्या तळाशी केबल टाकायची होती आणि तिच्या वाटेत जिवंत पोवळी होती. पाणबुड्यानं ती एकेक करून अलगद सोडवली, टोपलीत घालून लांबच्या एका उघड्याबोडक्या खडकावर नेली आणि सिमेंटनं नीट बसवली. "पोटच्या पोरांनाही एवढं जपलं नसेल तुम्ही," बायको म्हणाली. साहेबांनी कॅमेऱ्यासमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि 'आम्ही समुद्र जपतो' म्हणत तो व्हिडिओ घरोघरच्या फोनवर फिरला.

पोवळ्यांनी नव्या जागी चांगला जीव धरला, त्यांच्या आडोशाला मासेही राहायला आले. तेवढ्यात दुसऱ्या केबलचा नकाशा टेबलावर आला. रेघ थेट त्याच खडकावरून गेलेली पाहून पाणबुड्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"साहेब, इथं तर आपलीच पोवळी आहेत. कधी हलवायला घेऊ?"

साहेबांनी नकाशावरून मानही वर केली नाही.



"हलवायची कशाला? ती काय मूळची तिथली आहेत? अतिक्रमण आहे ते."