कुकारा

ग्रामपंचायतीत वायफायचा डबा बसवताना संघप्रियाला मोबाईलवर दुसरंही एक नेटवर्क दिसलं. बिननावाचं, डब्याच्याच चॅनलवर. आसपास तर नुसतं जंगल.

अडथळा नको म्हणून तिनं चॅनल एकवरून सहावर नेलं. ते नेटवर्कही सहावर आलं. तिनं अकरावर नेलं. तेही अकरावर.

शिपाई जंगूभाऊ वाकून बघत होते. "तेंदूपत्ता तोडताना आमी एकमेकाले असेच कुकारे देतो, बाई. एकानं दिला का दुसरा तसाच देते. मंग कोणी हरवत नाई."

डब्यातच बिघाड आहे का बघायला संघप्रियानं तो बंद केला. "आन् एक जण चूप झाला तर?"

"मंग दुसरा शोधाले येते."

मोबाईलवर त्या नेटवर्कच्या सिग्नलची एकच दांडी होती. आता दोन झाल्या. मग तीन.