सेलेस्तिनोची वाइन

"तू फक्त वास घे आणि मला सांग," असं म्हणून अरमांदोने ग्लास कमलापुढे सरकवला.

कमला ठेचा द्यायला आली होती. मागच्या हिवाळ्यात डोक्याचं ऑपरेशन झालं आणि अरमांदोला वास येणं कायमचं बंद झालं. वासाबरोबर चवही गेली. कळायचं ते फक्त तिखट. म्हणून अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या या म्हाताऱ्या शेजाऱ्याला ती दर रविवारी नागपुरी ठेचा आणून द्यायची, आणि तो नाक पुसत पुसत पावाला लावून खायचा.

"अंकल, मी घेत नाही. तुम्हाला माहितीये."

"पिऊ नकोस ना. मी कुठे पी म्हणतोय?"

टेबलावर गडद लाल वाइनची बाटली होती. पोर्तुगालच्या दाओ नावाच्या डोंगराळ भागातून चर्चमधल्या कुणीतरी ती कपड्यांत गुंडाळून आणली होती. लेबलवर द्राक्षांची नावं नव्हती, फक्त माणसाचं नाव होतं. सेलेस्तिनो, अरमांदोचा धाकटा भाऊ. आजवर गावातल्या सहकारी कारखान्याला द्राक्षं घालणाऱ्या सेलेस्तिनोने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची वाइन काढली होती, ओकच्या पिंपात वर्षभर मुरवून.

"आज त्याचा फोन येणार आहे," अरमांदो म्हणाला. "अकरा वर्षांनी. कशी झालीये, एवढंच विचारेल. काय सांगू?"

"छान झालीये म्हणा."

"मी खोटं बोललो की त्याला लगेच कळतं. लहानपणापासून."

"मग खरं सांगा. वास येत नाही म्हणून सांगा."

अरमांदो बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवत राहिला. "वडिलांनी लावलेली तोरीगा द्राक्षं होती आमच्या मळ्यात. जुने वेल, द्राक्षं कमी धरायचे. त्याला ते उपटून टाकायचे होते. मी इथून फोनवर ओरडलो, तोरीगा काढलीस तर मला भाऊ म्हणू नकोस. तो म्हणाला, मग ये आणि तूच राब इथे. बरोबरच होतं त्याचं. मी इथे लोकांच्या अंगणात दगडी भिंती बांधत बसलो होतो." तो थांबला. "एवढं भांडलो. आता त्याने वाइन पाठवली, तर मला काही कळत नाही म्हणू?"

कमलाची आई नागपुरातल्या वस्तीतल्या बायका गोळा करून मोहाच्या दारूची मडकी फोडायला जायची. छोटी कमला मागे असायची. बुद्धाचं पंचशील, दारू न घेण्याच्या शीलासकट, ती आईच्या तोंडूनच शिकली होती, आणि इथे ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीतही तिच्या ग्लासात संत्र्याचा रसच असायचा.

तिने ग्लास उचलला आणि नाकाशी नेला.

"लाकूड," ती म्हणाली. "कोरं. रंधा मारल्यावर येतो तसा."

"ते पिंपाचं. ते कुणाच्याही वाइनला येईल. त्याच्या मागे?"

"एक फळ. आमच्याकडे जांभूळ असतं, जीभ रंगते, घसा धरतो. तसं."

"चांगलं आहे. आणखी?"

"आणखी काही नाही."

अरमांदो खुर्चीत पुढे सरकला. "एकच घोट. नुसता जिभेवर घे आणि थुंकून टाक. त्याशिवाय नाही कळणार."

"नाही, अंकल." कमलाने ग्लास खाली ठेवला. "तेवढं नाही."

त्याने लगेच दोन्ही हात वर केले. त्याचे कान लाल झाले होते. "चुकलो. सॉरी. मी असं विचारायला नको होतं."

तिला घरी जायचं होतं. नवरा, भानुदास, जेवायचा थांबला असेल. पण तिचा पाय निघेना. अरमांदो बाटलीला बूच लावायला लागला तसा तिने आपणहून ग्लास परत उचलला आणि डोळे मिटले. या वेळी तिने घाई केली नाही.

"चहा," ती म्हणाली.

"चहा?"

"आमच्या ब्रेकरूममध्ये असतो तो, अर्ल ग्रे. मला नाही आवडत, अत्तर टाकल्यासारखा लागतो. पण तसाच वास आहे."

"नीट बघ. लिंबाच्या सालीसारखा? आणि फुलांचा?"

"हो. साल आणि फुलं, दोन्ही."

अरमांदोने दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

"तोरीगा," तो म्हणाला. "आमच्या मळ्यात दुसऱ्या कुठल्याच द्राक्षाला तो वास नव्हता. काढली नाही त्याने. अकरा वर्षं सांभाळली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही गाढवाने."

फोन वाजला. अरमांदोने पाचसहा वेळा वाजू दिला, मग उचलला. दोघं पोर्तुगीजमध्ये बोलत होते. कमलाला त्यातलं 'तोरीगा' तेवढं कळलं. मग बोलता बोलता अरमांदोने आपल्या नाकाला हात लावला आणि मान हलवली. पलीकडच्याला ते दिसणार नव्हतं, पण तो खरं सांगतोय हे तिला समजलं. मध्येच तिचं नाव आलं. अरमांदोने रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"त्याला तुझ्याशी बोलायचंय."

"मला पोर्तुगीज कुठे येतं?"

"त्याला इंग्लिश येत नाही. घे."

लांबून कुणाचातरी श्वास ऐकू येत होता. इंग्रजीचा काही उपयोग नव्हता, तेव्हा कमलाच्या तोंडून मराठीच निघालं.

"जयभीम, दादा. मी कमला. मला वाइनमधलं काही कळत नाही, पण वास फार सुंदर आहे. तुमचे भाऊ रडतायत इथे."

मग तो माणूस बोलायला लागला. आधी थांबत थांबत, मग भराभर. मध्येच हसला, मध्येच त्याचा आवाज चिरकला. कमला "हो", "हो दादा" म्हणत राहिली.

अरमांदोने शर्टच्या बाहीने चेहरा पुसला आणि रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला.

कमला जरा वळून उभी राहिली. "थांबा अंकल," ती हळूच म्हणाली, "त्यांचं अजून व्हायचंय."