नाव छापू नका

बायकांवरच्या जुलमाविरुद्ध लिहून अख्ख्या गोंदिया जिल्ह्याला हलवणारे साप्ताहिकाचे संपादक दुर्गाप्रसाद सकाळपासून एका निनावी पत्रानं बेचैन होते.

"संपादकजी, माझा नवरा मारत नाही. पण तीस वर्षांत 'जेवली का?' एवढंही त्यानं कधी विचारलं नाही. या शुक्रवारी मी घर सोडून चालली. नाव छापू नका."

आज शुक्रवारच होता. या बाईला शोधायचं कुठं? पत्र हातात घेऊन ते कचेरीत येरझारा घालत होते. मध्येच मागच्या घराकडे तोंड करून बायकोवर ओरडले, "शामकला, अंकांवर पत्ते लिहून झाले का? आजचं टपाल चुकलं नाही पाहिजे!" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा फिरू लागले.

तेवढ्यात चोरखमारा गावचे जुने वर्गणीदार केवलराम आले. दुर्गाप्रसादांनी पत्र त्यांच्यापुढे टाकलं. "वाचा! बाईचं नाव नाही छापणार, पण त्या नवऱ्याचं पहिल्या पानावर छापतो का नाही, पाहा!"

केवलरामनं पत्र डोळ्यांजवळ नेलं.

"काऊन मजाक करून राहिले, संपादकजी? हे अक्षर तर मी दर हप्त्याले पाहतो. माझ्या अंकावर पत्ता याच अक्षरात राहते."

दुर्गाप्रसाद धावत मागे गेले.



चारशेच्या चारशे अंक पत्ते लिहून, सुतळीनं बांधून तयार होते. घरात कोणीच नव्हतं.