धडकेआधीचा एकूण संवेग

भांडुपच्या घरात घाडीसरांची नववीची शिकवणी चालू होती. धडकेआधीचा एकूण संवेग काढायचा होता. “पहिला चेंडू धावतोय, त्याचं वस्तुमान गुणिले वेग. दुसरा जागेवरच बसलाय, म्हणून त्याचा?” “शून्य!” पोरं ओरडली. सरांनी फळ्यावर शून्य काढलं आणि सवयीने दाराकडे पाहिलं. तीन वर्षांची लेक बसवली होती तिथेच बसलेली. डॉक्टर म्हणायचे, चालायला लागेल. पण कधी, ते कोणी सांगत नव्हतं. सर पुन्हा फळ्याकडे वळले. मागे पोरं अचानक गप्प झाली. फरशीवर थपथप वाजलं आणि गुडघ्यांमागे काहीतरी जोरात आदळलं. हातातला खडू उडाला. त्यांची पँट दोन चिमुकल्या मुठींत घट्ट धरून लेक उभी होती. “पडली का हो?” आतून बायको घाबरून ओरडली. सरांनी तळहाताने फळ्यावरचं शून्य पुसलं. “नाही गं,” ते म्हणाले, “धडकली!”