पीपी नंबर

दुबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल संपला, तसा सबनीसकाकूंनी खालच्या मजल्यावरच्या वृंदाचा हात धरला. "तेव्हा आमचा पीपी नंबर म्हणजे तुमचाच फोन! आम्हाला बोलवायला किती जिने चढलीस गं!"

वृंदा कसनुसं हसली.

"एकदाच चुकामूक झाली. लग्नाचं विचारायला त्यानं फोन केला, तर तू म्हणालीस, काकू बाहेर गेल्यात. न विचारता लग्न केलं म्हणून मी दोन वर्षं अबोला धरला."

त्या रविवारी फोन आला तेव्हा टीव्हीवर सिनेमा रंगात आला होता. वृंदा जागची हललीसुद्धा नव्हती. आज सांगूनच टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"पण मेली मी गेले कुठे होते, तेच आठवत नाही." काकूंनी कपाळावर हात मारला. "तुला आठवतं का गं?"

"नाही हो काकू," वृंदाच्या तोंडून निघून गेलं.