नवी तारीख

प्रचारकाने पुढे केलेलं पत्रक शमुवेलने घेतलं नाही. तो बायकोच्या थडग्यावरचं गवत उपटत राहिला.

"काका, नवी तारीख आहे. प्रभू नाताळाआधी येतोय. जग संपणार."

"मागं ईस्टर म्हणाला होतात. मग ऑपरेशन कशाला करायचं, म्हणून ही घरीच राहिली. ईस्टर गेला, पाठोपाठ ही गेली."

"आमची मोजणी चुकली. पण तुमचा विश्वासच उडाला?"

"प्रभू येईल तेव्हा ही थडग्यातून जिवंत उठेल. माझ्याइतकी घाई कोणाला आहे? पण तो दिवस देवदूतांनाही ठाऊक नाही, आणि तुम्ही छापून वाटता!"

प्रचारक शेजारच्या थडग्यावर मेणबत्ती लावणाऱ्या बाईकडे वळला. शमुवेल मागून ओरडला, "ताई, पत्रक हवं तर घ्या. पण औषधं चालू असतील तर बंद करू नका!"