दोन्ही दिवे एकदम

कविता वाचून ती खाली बसली, तरी टाळी पडली नाही. वाचनालयाच्या माडीवर पंधरा माणसं होती. एकाने घसा खाकरला, एकाने चष्मा पुसला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "संपली होय? मला वाटलं, हॅलोबाई श्वास घ्यायला थांबल्या."

सगळी माडी हसली.

शहरात टेलिफोन येऊन दोनच वर्षं झाली होती. एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून देणारी ती पहिलीच बाई, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. कविमंडळातही ती एकटीच बाई. अध्यक्ष तिचे सख्खे मामा, निवृत्त हेडमास्तर. बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. मंडळाचा पहिला संग्रह उद्या छापखान्यात जायचा होता, आणि तिची कविता त्यात घ्यायची की नाही हे आज ठरायचं होतं.

मामांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि शेवटचा भाग मोठ्याने वाचला, किराण्याची यादी वाचावी तसा:

नंबर सांगा. थांबा, जोडते.
फळ्या सहा फुटी पाठवा, पाच फुटी नकोत.
दवाखाना का? माझी बायको, खाट नंबर नऊ—
थांबा, जोडते.
सहा फुटी म्हटलं ना, कान आहेत की भोकं?
खाट नंबर नऊ? हो, कालची बाई. ती

"यात वृत्त नाही, यमक नाही. ते एक वेळ सोडून देऊ," मामा म्हणाले. "पण अगं, एका माणसाची बायको मरणाच्या दारात आहे आणि तू मध्येच फळ्या घालतेस? फळ्या आणि मरण एका कडव्यात?"

"मी नाही घातल्या, मामा. माझ्या समोरच्या बोर्डावर दोन्ही दिवे एकदमच लागले. एका हाताने याला जोडलं, दुसऱ्या हाताने त्याला."

"जगात सगळं एकदमच होत असतं. कवीने त्यातलं निवडायचं असतं."

"मी निवडलं की. दोन्ही ठेवले."

मामांनी आवाज खाली आणला. भाचीची कविता संग्रहात यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"बरं, फळ्या राहू देत. शेवटची ओळ तरी पुरी कर. 'ती उठली' लिही, नाहीतर 'ती गेली' लिही." त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला. "उठली, गेली, दोन्ही चारच मात्रा. तुला हवं ते घे."

"ती उठली की गेली, मला माहीत नाही."

"माहीत कशाला हवं? कविता आहे ना ती!"

"लाइन तिथेच तुटली, मामा. मी पुन्हा जोडायला गेले, तर पलीकडून कोणी उचललंच नाही. ज्याची बायको त्याला तेव्हा कळलं नाही. ते मी चार मात्रांसाठी इथे बसून ठरवू? नाही ठरवणार."

"मग तुझं नाव काढावं लागेल."

"काढा."

मामांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी संग्रहातल्या कवींची यादी ओढली आणि नावावर रेघ मारली. निब कागदात रुतलं. "सभा संपली," असं म्हणून ते उठले आणि एकेक खिडकी लावू लागले. खुर्च्या सरकल्या. लोक जिन्याकडे निघाले.

दुसऱ्या रांगेतला लाकडाच्या वखारीचा मालक तेवढा उठला नाही. मंडळात तो चंद्रावर आर्या वाचायचा. तो हळूच म्हणाला, "बाई, तो सहा फुटीवाला मीच ना?"

"नाव कुठे लिहिलंय त्यात?"

"नाव कशाला हवंय? खेकसणं ओळखीचं आहे. आमच्या घरी कोणालाही विचारा." तो हसला नाही. "तेव्हा शेजारच्या तारेवर हे चाललं होतं, मला काय ठाऊक. पुन्हा एकदा वाचता का?"

"सभा संपली आहे," मामा मागे न बघता म्हणाले.

"मग सभेबाहेर वाचते."

ती उभी राहिली. कागद मामांच्या टेबलावर पडला होता, तो घ्यायला ती गेली नाही. खुर्च्यांच्या खरखराटात तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक्स्चेंजमध्ये बोलायची तशाच आवाजात, चढ नाही की उतार नाही. जिन्यात पोचलेले दोघे-तिघे पायरीवरच थबकले. हॅलोबाई म्हणणारा खुर्ची हातात धरून उभा राहिला.

"खाट नंबर नऊ? हो, कालची बाई. ती"

ती थांबली.

शेवटच्या खिडकीच्या कडीवर मामांचा हात होता. तो तसाच राहिला. खालच्या रस्त्यावरून एक गाडी खडखडत गेली, तिचा आवाजही विरला. मामा वळले.

"मग?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिली, आणि पुढे एक अक्षरही बोलली नाही.